टक्, मग रेघ

ईगलहॉक गावात ट्रेझिसांच्या घरात एक बोलणं होतं. बाहेर निघताना दाराला कुलूप लागलं, की ग्लेनिस गाडीत बसल्या बसल्या विचारायची, "रेघ मारलीस?" आणि तिचा नवरा नेव्हिल म्हणायचा, "मारली." मग मागे फिरून कुलूप ओढून बघायचं नाही. गॅसची चावी असो, थर्मासचं झाकण असो, कोंबड्यांच्या खुराड्याची कडी असो, सगळ्याला तेच. रेघ मारली म्हणजे झालं. त्यावर पुन्हा हात ठेवून बघणं म्हणजे माणसाला तोंडावर खोटं म्हणण्यासारखं.

हे बोलणं नेव्हिलने रेल्वेच्या कारखान्यातून घरी आणलं होतं. सतराव्या वर्षी तो तिथे चिकटला, तेव्हा मुकादमाने पहिल्याच दिवशी त्याच्या हातात दोन वस्तू दिल्या, एक पाना आणि एक रंगाचं पेन. बोल्ट आवळत जायचा; हवा तेवढा घट्ट झाला की पाना हातातल्या हातात 'टक्' म्हणतो. टक् म्हणाला, की बोल्टच्या डोक्यावरून निघून खालच्या लोखंडावर उतरेल अशी एक सरळ रेघ ओढायची. पुढे बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. "आधी टक्, मग रेघ," मुकादम म्हणाला होता. "उलटं केलंस तर ती रेघ नव्हे, थाप." प्रत्येकाचा रंग निराळा. नेव्हिलच्या वाट्याला पिवळा आला, कारण चांगले रंग थोरल्यांनी आधीच पटकावले होते. पण तो पिवळा त्याने पन्नास वर्षं असा सांभाळला, की ट्रेझिसची रेघ दिसली की तपासणारा माणूस न वाकताच पुढच्या डब्याकडे जायचा.

ग्लेनिसचंही थोडं तसंच. तिच्या माहेरचे आणि सासरचे, दोन्हीकडचे म्हातारे विलायतेतल्या कॉर्नवॉलहून इथल्या सोन्याच्या खाणीत उतरायला आलेले. त्यांच्यात मांस-बटाटा भरलेली, करंजीसारखी मोठी पेस्टी भाजायची, तर कणकेच्या एका टोकाला ज्याच्या त्याच्या नावाचं अक्षर डकवायचं. खायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायची. मध्येच कामाला उठावं लागलं तरी उरलेला तुकडा कोणाचा ते कळतं. दुसऱ्याच्या अक्षराला हात लावायचा नाही. उपाशी मेलं तरी चालेल.

अशा घरात केरिन वाढली. एकुलती एक. दुसऱ्यांची पोरं अंगाईवर झोपतात, ही बापाच्या शेडमधल्या पान्याच्या टक् टक् वर झोपायची. चौतिशीला आली तरी वेड एकच, गाड्यांची शर्यत. आठवडाभर ती घरोघर पाण्याचे मीटर वाचायची, लोकांच्या कुत्र्यांशी भांडायची, आणि शर्यतीचा शनिवार-रविवार आला की ताशी अडीचशेच्या वेगाने भिंतीला घासून जायची. लग्नाचं कोणी विचारलं तर ग्लेनिस सांगे, "झालंय की. गाडीशी. सासूसुद्धा नाही, सुखात आहे."

शर्यत मात्र दुसऱ्या फळीची. वरच्या फळीतले मोठे संघ दोन-चार वर्षं गाडी वापरतात आणि विकून टाकतात, ती खालच्या फळीत येते. थोरल्याची विजार धाकट्याला, तशातला प्रकार. ट्रेझिसांची हिरवी गाडी तर आणखी दोन घरं फिरून आलेली. नेव्हिल तिला 'मावशी' म्हणायचा. "दुसऱ्यांची पोरं वाढवून दमलीय बिचारी," तो म्हणे, "म्हातारपणी आपल्या दारात आलीय. नीट वागवा."

खालच्या फळीतला जो तो एका डोळ्याने रस्ता बघतो आणि दुसऱ्याने वरची फळी. दर ऑक्टोबरात बाथर्स्टच्या डोंगरावर वरच्यांची हजार किलोमीटरची लांब शर्यत होते. तिथे एका गाडीला दोन चालक लागतात, आणि दुसरा चालक पुष्कळदा खालून उचलतात. केरिनला ती दुसरी जागा हवी होती. तिने आयुष्यात दुसरं काही मागितलं असेल तर ते मला ठाऊक नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत, वरच्या एका संघाचा व्यवस्थापक, राखाडी केसांचा, मोजकं बोलणारा माणूस, तिला म्हणाला, "वर्ष संपताना पहिल्या तिघांत असलीस, तर पुढच्या ऑक्टोबरची जागा तुझी." आणि हात पुढे केला.

"पस्तिशीनंतर कोणी विचारत नाही," घरी आल्यावर केरिन म्हणाली. "हे एकच वर्ष आहे, डॅड."

"मग रेघ मारून टाकू," नेव्हिल म्हणाला.

मावशीला हात लावणारे दोघेच. एक नेव्हिल आणि दुसरा ल्युपचो. ल्युपचो मॅसेडोनियाचा, लहानपणी आईबापांबरोबर आलेला. त्याचं नाव इथे कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याचं 'लू' झालं. इथे लू म्हणजे संडास, हे त्याला शाळेत कळलं, पण तोवर उशीर झाला होता. बावन्न वर्षांचा आडवा माणूस, बोलायला तिखट आणि कामाला देवमाणूस. दहा वर्षं तो नेव्हिलच्या बरोबरीने त्या गाडीखाली पडलेला.

वर्ष बरं सुरू झालं. सिडनीला सहावी, मग चौथी. टास्मानियात पाऊस लागला, चांगले चांगले गवतात गेले, आणि केरिन दुसरी आली. ग्लेनिसने त्या दिवशी पेस्टीवरचं 'के' एवढं मोठं केलं की खायला दुसरं टोकच उरलं नाही.

पण टास्मानियातच नेव्हिलला पहिल्यांदा कळलं. शेवटचा बोल्ट आवळून त्याने पेन उचललं, आणि हात झाडाच्या पानासारखा थरथरला. रेघ निघाली ती गांडुळासारखी. त्याने चिंधीने पुसली, पुन्हा मारली, पुन्हा गांडूळ. जोर लावला की हात थरथरायचा आणि पाव तास थांबायचा नाही. नेव्हिल अडुसष्टचा होता. या वयाला हात थरथरणं काही पाप नव्हे. पण माणूस चोरी जितकी लपवत नाही तितकं म्हातारपण लपवतो. घरी तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला, आणि ग्लेनिसला वाटलं, थंडी वाजतेय.

मग त्याने एक तोड काढली. हात स्थिर आहे तोवरच आधी रेघा मारून घ्यायच्या, आणि नंतर आवळायचं. तेवढंच तर उलटं. पण आवळताना बोल्ट फिरणार, म्हणजे खालच्या लोखंडावर उतरलेली रेघ तुटणार. म्हणून त्याने रेघ लोखंडावर उतरवणंच सोडलं. नुसती डोक्यावर, नखाएवढी. सरळ मात्र एकदम.

जुलैत टाऊन्सव्हिलला लूच्या ते नजरेला आलं. "काय रे म्हाताऱ्या," तो गाडीखालून म्हणाला, "रंग महागला काय? रेघा काटकसरीने मारायला लागलास."

"डोक्यावर आहे ना?"

"डोक्यावर आहे. पाय तोडलेस तिचे."

"तुझ्या जिभेचे तोडले असते तर जगाचं भलं झालं असतं."

लू हसला आणि विसरला. नेव्हिल हसला, पण विसरला नाही. दर वेळी पेनचं टोपण काढताना मुकादम त्याच्या कानात बोलायचा. दर वेळी तो मनात म्हणायचा, टक् तर होतंच आहे ना, मागे काय आणि पुढे काय. आणि खरंच, प्रत्येक बोल्ट टक् म्हणत होता. सप्टेंबरात सॅनडाउनला केरिन तिसरी आली. ऑक्टोबरात बाथर्स्टच्या डोंगरावर, मोठ्यांच्या शर्यतीआधी छोट्यांची होते तीत, दुसरी आली. उतरल्यावर ती वरच्यांच्या, गाड्या उभ्या करायच्या गाळ्यांकडे बघत उभी राहिली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. नेव्हिलने पाण्याची बाटली पुढे केली.

"पुढच्या वर्षी त्या बाजूला," ती म्हणाली. एवढंच.

आता अ‍ॅडलेड राहिलं होतं. केरिन तिसऱ्या जागेवर, चौथ्याला बरंच मागे टाकून. शनिवारी एक शर्यत, रविवारी एक. जिंकायची गरज नव्हती. दोन्ही नुसत्या संपवायच्या होत्या.

अ‍ॅडलेडला जॅकरंडा जांभळा झाला होता आणि ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. शनिवारी सकाळच्या सरावातून केरिन आली आणि म्हणाली, "मागचं उजवं चाक वळणावर पाय घसरल्यासारखं करतंय." लूने ती बाजू उघडली. चाकाला गाडीशी धरून ठेवणारे लोखंडी दांडे असतात, चार बोल्टांवर बसवलेले. एका बोल्टचं डोकं झिजलं होतं. लूने पुडी फोडून नवा काढला, बोटांनी फिरवून बसवला आणि जुना डगल्याच्या खिशात टाकला.

"नेव्ह, एक नवा घातलाय. चारही नुसते बोटांनी आहेत. ही बाजू तुझी."

"ऐकलं," नेव्हिल म्हणाला, आणि लू पुढच्या चाकांकडे गेला.

नेव्हिल गुडघ्याखाली चिंध्या घेऊन बसला. हात स्थिर होता. त्याने चारही डोक्यांवर चार रेघा मारून घेतल्या. मग पाना लावला. टक्. दम घेतला. टक्. मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली. टक्. हात थरथरायला लागला, म्हणून तो क्षणभर पाना मांडीवर ठेवून बसला. तेवढ्यात दारात सावली पडली.

"तुम्हीच ट्रेझिस ना? केरिनचे वडील?"

तोच राखाडी केसांचा माणूस. नेव्हिल धडपडत उठला, हात विजारीला पुसले.

"चांगली तयार केलीत पोरगी," तो माणूस म्हणाला. "डिसेंबरात तिला आमच्याकडे बोलावतो, आसनाचं माप घ्यायला. हे दोन दिवस तेवढे पार पाडा."

"पाडेल ती," नेव्हिल म्हणाला. 

त्या माणसाने उघड्या चाकाकडे एक नजर टाकली. जुन्या गाड्यांत वाढलेला असावा. "काम नीटनेटकं आहे. हल्लीची पोरं कुठे मारतात अशा रेघा." आणि मान हलवून तो गेला.

नेव्हिलला पन्नास वर्षांत कोणी एवढं बोललं नव्हतं. तो जरा वेळ दाराशी उभा राहिला, त्या माणसाची पाठ दिसेनाशी होईपर्यंत. मग वळून गाडीशी आला. ऊर भरून आला होता, डोळ्यांतही थोडं पाणी असेल. चाकामागे चार बोल्ट, चारही डोक्यांवर पिवळी रेघ. सरळ, स्वच्छ. ट्रेझिसच्या रेघेवर पन्नास वर्षांत कोणी शंका घेतली नव्हती. नेव्हिलनेही घेतली नाही. त्याने चाक चढवलं.

"रेघ मारली?" हेल्मेट चढवता चढवता केरिनने विचारलं.

"मारली."

अकराव्या फेरीत, उजवीकडच्या त्या लांब वेगवान वळणावर, जिथे भिंत आणि गाडी यांच्यात हात जाईल एवढीच जागा असते, मावशीचा मागचा भाग एकदम बाहेर निघाला. गाळ्यातल्या पडद्यावर हिरवं काहीतरी भिंतीवर आपटलं, फिरलं, पुन्हा आपटलं. मग धूळ.  लू तोंडावर हात ठेवून उभा होता. नेव्हिल मोजत होता. कशासाठी मोजत होता ते त्याला कळत नव्हतं. एकोणतीसवर गाडीचं दार हललं.

केरिन चालत बाहेर आली, एक हात दुसऱ्या हाताने धरून. गळपट्टीचं हाड, मनगट आणि तीन बरगड्या. तिला रुग्णवाहिकेतून नेलं, ग्लेनिस बरोबर गेली. मावशीला दोरखंडाने उचलून आणलं. मागचं उजवं चाक नव्हतंच.

थोड्या वेळाने नारिंगी कपड्यातली एक बाई आली. रस्त्याकडेला झेंडे घेऊन उभी राहतात त्यांच्यातली, नाक उन्हाने सोललेलं. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. "हे तुमच्या हिरवीचंच ना? झाडून गोळा केलं सगळं. पोरगी बरी आहे म्हणे. देव होता बाबा पाठीशी." लू गाडीखाली होता, म्हणून तिने पिशवी नेव्हिलच्या हातात दिली. आत काचा, हिरव्या पत्र्याचे तुकडे, आणि एक बोल्ट. नवा कोरा. डोक्यावर नखाएवढी पिवळी रेघ.

नेव्हिलने काही ठरवलं नव्हतं. ठरवण्याआधीच बोल्ट खिशात गेला होता. आणि तेव्हा हात जरासुद्धा थरथरला नाही. हे त्याला पुढे फार दिवस छळत राहिलं.

लू गाडीखालून निघाला. तोंड राखेसारखं. "बोल्टच नाही, नेव्ह. मी घातलेला तो. निघून पडलाय." तो कपाळ चोळत होता. "मी तुला सांगितलं होतं ना? चारही बोटांनीच आहेत म्हणून? सांगितलं होतं ना मी?"

नेव्हिलने त्याच्याकडे पाहिलं. खरं बोलायला तेवढाच एक क्षण होता, दाराच्या फटीएवढा.

"मला नाही आठवत, लू."

लू एका टायरवर बसला. "मग नसेल सांगितलं," तो म्हणाला. "डोक्यात होतं, तोंडात आलं नसेल."

सूर्य मावळायच्या आत ती बातमी साऱ्या गाळ्यांतून फिरली. 'त्या मॅसेडोनियाच्या माणसाने बोल्ट बोटांनी बसवला आणि सांगायला विसरला.' कोणी वाईट बोललं नाही. तेच जास्त वाईट होतं. लोक येऊन लूच्या पाठीवर थाप मारून जात होते, मयताला आल्यासारखे.

केरिन वर्षाअखेर पाचवी आली. अपघातानंतर नवव्या दिवशी त्या राखाडी माणसाचा फोन आला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. जागा एका वीस वर्षांच्या पोराला दिली होती. केरिन "बरं" म्हणाली, फोन मोरीशेजारी ठेवला आणि परत बटाटे सोलायला लागली. एका हाताने बटाटा सोलला जात नाही. तो निसटायचा, ती पुन्हा धरायची. ग्लेनिस म्हणाली, "दे इकडे." केरिनने दिला नाही.

लूने गाड्यांना हात लावणं बंद केलं. हत्यारांची पेटी बहिणीकडे टाकली आणि कोंबड्या भरायच्या कारखान्यात कामाला लागला. "तिथे काही आवळावं लागत नाही," तो म्हणाला. आणि दर रविवारी तो केरिनच्या दारी यायचा; ती आईबापांपासून चार घरं सोडून वेगळी राहायची. बायकोने भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी पायरीवर ठेवायचा आणि गवत कापायला लागायचा.

"लू, पुरे रे," केरिन खिडकीतून म्हणायची. "चुका होतात. माझ्याकडून होत नाहीत का?"

"होतात. पण तुझ्या चुकीने कोणी मरत नाही."

"मीही मेले नाही."

"ते तुझं नशीब. माझं त्यात काय?" आणि तो पुन्हा यंत्र सुरू करायचा. त्या घरासमोरचं गवत इतकं आखूड झालं होतं, की एखादी मेंढी उपाशी मेली असती.

केरिन एकटी किती चटणी खाणार? अर्ध्या बरण्या ती आईकडे आणून द्यायची. नेव्हिलच्या ताटात ती चटणी यायला लागली. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. ग्लेनिस विचारायची, "तिखट आहे का?" तो म्हणायचा, "आहे." बोल्ट शेडमध्ये होता, खिळ्यांच्या डब्यात, तळाशी. रोज सकाळी तो डबा उघडून तळापर्यंत बोट घालायचा. तो तिथेच असायचा. असणारच. अशा वस्तू कधी हरवत नाहीत.

जानेवारीच्या मधल्या एका रविवारी, इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या बेचाळीस अंश उकाड्यात, ग्लेनिसने पेस्ट्या भाजल्या. तिने लूलाही जेवायला बोलावलं होतं. चार पेस्ट्या, चार अक्षरं. लूसाठी तिने पहिल्यांदाच 'एल' डकवला होता.

"हे काय?" लूने ताटात बघून विचारलं.

"तुझं अक्षर. दहा वर्षं पाहुण्यासारखा बिनअक्षराची खात होतास. आता घरचा झालास," ग्लेनिस म्हणाली. "खायला त्या टोकाकडून सुरुवात कर. नाहीतर माझी सासू वरून शिव्या घालेल."

लू हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, तोंडाला सवय राहिली नव्हती. नेव्हिलने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग तो उठून शेडमध्ये गेला. आला तो मुठीत काहीतरी घेऊन. मूठ त्याने टेबलावर, मिठाच्या बाटलीशेजारी उघडली.

कोणाला काही कळेना.

"मावशीचा आहे," नेव्हिल म्हणाला. "उजवीकडचा. त्या बाईने पिशवीत आणून दिला होता. मी ठेवून घेतला. मी आवळला नव्हता तो. लूने मला सांगितलं होतं."

केरिनने काटा खाली ठेवला. "डॅड, पुरे."

"खरं सांगतोय, पोरी."

"खरं नाही सांगत आहेस. तुला लूची दया आलीय. मलाही येते. पण तू आयुष्यभर हेच केलंस, दुसऱ्याचं अंगावर घेतलंस." ती आईकडे वळली. "सांग ना याला. हा कधी विसरलाय का एकतरी बोल्ट?"

ग्लेनिस म्हणाली, "कधीच नाही."

बघा कसं असतं ते. माणूस आयुष्यभर खरेपणा जमवतो, आणि शेवटी खरं बोलायला जातो तर तोच आडवा येतो.  नेव्हिलवर कोणाचा विश्वासच बसत नव्हता.

लूने बोल्ट उचलला. उजेडाकडे धरून फिरवला. नखाएवढ्या रेघेवरून अंगठा फिरवला. त्याला बराच वेळ लागला.

"हा नवा आहे," तो हळू म्हणाला. "त्याच सकाळी पुडीतून काढलेला. जुना अजून माझ्या डगल्यात आहे." मग नेव्हिलकडे पाहून, "नव्याला रेघ कुठून आली, नेव्ह?"

"मी मारली."

"आवळायच्या आधी?"

"जुलैपासून आधीच मारतोय. आवळल्यावर हात थरथरतो."

"म्हणून पाय तोडलेस." लूने बोल्ट जिथे होता तिथेच, अगदी त्याच जागी ठेवला. "म्हणजे मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"आणि तू म्हणालास आठवत नाही."

नेव्हिलने मिठाची बाटली जरा बाजूला सरकवली.

"सात आठवडे, नेव्ह," लू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "सात आठवडे मी डोळे मिटले की त्या सकाळी माझं तोंड हललं होतं का ते बघतोय. बायकोला विचारतो, मी विसरायला लागलोय का गं. डॉक्टरकडे जाऊन आलो डोकं तपासायला." तो उठला, टोपी घेतली. "जेवण राहू दे, ग्लेनिस. रागाने नाही म्हणत. घास जाणार नाही आत."

त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला. पंखा फिरत होता. केरिन त्या बोल्टकडे बघत होती. तिने त्याला हात लावला नाही.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "हेल्मेट घालताना."

"हो."

"तू म्हणालास, मारली."

"मारलीच होती, पोरी." हे बोलून गेल्यावर त्याला कळलं की हे त्याने आयुष्यात बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य आहे. कारण ते खरं होतं.

केरिन उठली. "जागा गेली त्याचं एक वेळ सोड. हात थरथरतो, तर मला सांगायचंस. मी आवळले असते, तू रेघा मारल्या असत्यास. तेसुद्धा सोड." तिने खुर्ची नीट आत सरकवली, लहानपणी शिकवल्यासारखी. "तू त्याला माझ्या दारात गवत कापू दिलंस, डॅड. दर रविवारी. बघत होतास तू."

ती गेली.  ग्लेनिसने तिघांच्या पेस्ट्या कोंबड्यांना टाकल्या. 'एल'ला मात्र तिने हात लावला नाही. कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली.

नेव्हिल दोनदा लूच्या दाराशी जाऊन आला. दोन्ही वेळा लूच्या बायकोने दार उघडलं, नीट बोलली, चहा विचारला, आणि लू घरी नाही म्हणाली. दोन्ही वेळा त्याची गाडी अंगणात उभी होती. मावशीचं जे काही उरलं होतं ते भंगारात गेलं. केरिन मीटर वाचते. नाताळला येते, आईच्या वाढदिवसाला येते. बापाशी हवापाण्याचं बोलते. वाईट असं कधीच बोलत नाही.

ऑक्टोबरात बाथर्स्टची ती लांब शर्यत झाली. सबंध ईगलहॉकमध्ये घराघरांतून गाड्यांचा आवाज येत होता, खिडक्या उघड्या होत्या, लोक अंगणात मांस भाजत होते. ट्रेझिसांच्या घरात टीव्ही बंद होता. नेव्हिल शेडमध्ये बसून होता, पाना मांडीवर घेऊन. आवळायला काही नव्हतं.

फ्रीजरमध्ये ती पेस्टी अजून आहे. तिच्यावर बर्फ चढलाय, पण 'एल' वाचता येतो. ग्लेनिसला ती टाकवत नाही आणि कोणाला खाता येत नाही. अक्षर दुसऱ्याचं आहे.

दोघं बाहेर निघतात तेव्हा दाराला कुलूप अजून नेव्हिलच लावतो. लावून गाडीत येऊन बसतो. ग्लेनिस काही विचारत नाही. पट्टा सोडते, उतरते, दाराशी जाते, कुलूप दोनदा ओढून बघते. परत येऊन बसते आणि म्हणते, "चल."

तो गाडी सुरू करतो.